आपल्या स्टॉपरला प्ले-ऑफमध्ये उतरवण्यापूर्वी: क्लबच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीचे सर्व सदस्य आणि मुख्य प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

साखळी सामने संपत आले आहेत, आपला फुटबॉल संघ प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोहोचला आहे आणि मैदानाच्या कडेला, चहाच्या टपरीवर, सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सध्या एकच प्रश्न विचारला जातो आहे: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत असलेला आपला स्टॉपर (बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा बचावपटू) उपांत्य सामन्यात खेळणार का? हे पत्र त्याच प्रश्नाबद्दल आहे. त्या खेळाडूचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण हा त्याच्या शरीराचा आणि उपचारांचा विषय आहे. मी स्वतः या क्लबच्या बचावफळीत अनेक वर्षे खेळलो आहे आणि आजही सरावाच्या वेळी मैदानावर असतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडतो. तो खेळेल की नाही हे सामन्याच्या तारखेवरून, संघाच्या गरजेवरून किंवा त्याच्या स्वतःच्या होकारावरून ठरू नये. त्याच्या गुडघ्याची रीतसर चाचणी घेऊन, संघनिवडीशी काहीही संबंध नसलेल्या जाणकाराने ते ठरवावे. आणि अशी चाचणी होणार नसेल, तर या प्ले-ऑफमध्ये त्याला एक मिनिटही खेळवू नये.

तो नसल्यामुळे संघाचे काय नुकसान झाले आहे हे मला कमी लेखायचे नाही. कॉर्नरवर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवर) पहिला हेडर कोण मारणार, म्हणजे चेंडू डोक्याने आधी कोण मारणार, हा प्रश्न पूर्वी आपल्याला पडतच नव्हता, आणि या हंगामात तो प्रत्येक कॉर्नरला पडतो. तो मागून बोलत असे, दोन्ही फुलबॅकना, म्हणजे कडेच्या बचावपटूंना, जागेवर ठेवत असे, आणि चेंडू कधी पुढे मारायचा व कधी गोलकीपरकडे परत द्यायचा याचा निर्णय तो इतका शांतपणे घेई की समोरच्या संघाचा दाबच निघून जाई. असा खेळाडू बाकावर बसलेला पाहून प्रशिक्षकांच्या मनाची काय अवस्था होत असेल हे मी समजू शकतो. तरीही आपण कशाबद्दल बोलत आहोत हे नीट पाहिले पाहिजे.

जुलैमधल्या सराव सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्यातील एसीएल हे लिगामेंट (मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध) तुटले आणि ऑगस्टच्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी त्याला कोणी टॅकल केले नव्हते. चेंडू घेऊन येणाऱ्या विंगरवर (कडेने खेळणाऱ्या आक्रमकावर) तो दाब टाकायला धावला, विंगरने दिशा बदलली, याने पाय रोवून वळण्याचा प्रयत्न केला आणि गुडघा आत वळला. स्वीडनमधील संशोधक वाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक पुरुष फुटबॉलमधील ३९ एसीएल दुखापतींच्या चित्रफिती तपासून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ८५ टक्के दुखापतींमध्ये गुडघ्याला समोरच्या खेळाडूचा थेट धक्का लागलेलाच नव्हता, आणि सर्वांत जास्त वेळा दिसलेला प्रसंग हाच होता: चेंडू असलेल्या खेळाडूवर दाब टाकायला जाणे. हेडर मारून खाली उतरणे हा दुसरा ठळक प्रसंग. म्हणजे ज्या दोन कामांसाठी आपल्याला तो संघात हवा आहे, नेमक्या त्याच दोन कामांत हे लिगामेंट तुटते. स्ट्रायकर एखाद्या वेळी धाव घ्यायची की नाही हे स्वतः ठरवू शकतो. बचावपटूला ती मुभा नसते. समोरचा जेव्हा आणि जिकडे वळेल, तेव्हा आणि तिकडे त्याला वळावेच लागते.

तुटलेल्या लिगामेंटच्या जागी त्याच्याच शरीरातील स्नायूबंधाचा तुकडा बसवला जातो. बाहेरची जखम काही आठवड्यांत भरते, सूज उतरते, माणूस जिने चढू लागतो, पुढे धावूही लागतो, आणि त्यामुळे बघणाऱ्याला गुडघा बरा झाला असे वाटते. आत मात्र त्या तुकड्याला नवा रक्तपुरवठा मिळून त्याचे लिगामेंटसारखे काम करणाऱ्या ऊतीत रूपांतर व्हावे लागते. या प्रवासात पहिल्या काही महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर होतो, मग हळूहळू ताकद मिळवतो, आणि हे काम वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालू राहते. काटोल-वरूडकडच्या संत्रा बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर भरलेला डोळा फुटला म्हणून त्याच वर्षी तो झाडावर बहार धरत नाही. आपल्या खेळाडूचा गुडघा आज दुखत नाही ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु न दुखणे आणि तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मागील बैठकीत एका सदस्यांनी असा मुद्दा मांडला की युरोपातील व्यावसायिक खेळाडू साडेसात महिन्यांत सामने खेळू लागतात, आणि उपांत्य सामन्याच्या दिवशी आपल्या स्टॉपरलाही साधारण तेवढेच महिने झालेले असतील. हा आकडा खरा आहे आणि तो बाजूला सारणे योग्य होणार नाही. युरोपातील क्लबांच्या पंधरा वर्षांच्या नोंदींवर आधारित, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सामना खेळण्यापर्यंतचा सरासरी काळ ७.४ महिने इतकाच आला होता. पण त्याच अभ्यासात पुढे असेही आढळले की तीन वर्षांनंतर त्यांपैकी ६५ टक्के खेळाडूच सर्वोच्च स्तरावर खेळत होते. ज्यांच्या दिमतीला रोज फिजिओ असतो, ज्यांचा आहार, झोप आणि व्यायाम मोजला जातो आणि ज्यांना पोटासाठी दुसरे काम करावे लागत नाही, त्यांची ही गत आहे. आपला खेळाडू सकाळी काम करतो, आठवड्यातून जमेल तेव्हा फिजिओकडे जातो आणि उरलेले व्यायाम घरी फरशीवर सतरंजी टाकून करतो. महिने सारखे असले म्हणून तयारी सारखी होत नाही.

याच विषयावरचा नॉर्वेतील ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास प्रत्येक सदस्याने समजून घ्यावा अशी माझी विनंती आहे. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने पूर्ण होईपर्यंत खेळात परतणे जितके महिने पुढे ढकलले गेले, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी होत गेले, असे त्यांना आढळले. आणि ज्यांनी ताकदीच्या व उडीच्या चाचण्या पूर्ण न करताच खेळायला सुरुवात केली, त्यांच्यापैकी ३८.२ टक्के खेळाडूंना पुन्हा दुखापत झाली. चाचण्या पार करून परतलेल्यांत हेच प्रमाण ५.६ टक्के होते. या दोन आकड्यांतील अंतर इतके मोठे आहे की चाचणी घेणे ही औपचारिकता आहे असे यापुढे कोणी म्हणू नये. त्यात आपला खेळाडू अवघा बावीस वर्षांचा आहे, आणि वय कमी असणे ही येथे जमेची बाजू नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये केलेल्या विश्लेषणात, पंचवीस वर्षांखालील जे खेळाडू मैदानावर परतले त्यांच्यापैकी २३ टक्के खेळाडूंचे एसीएल पुन्हा तुटले, कोणाचे त्याच गुडघ्यातील, तर कोणाचे दुसऱ्या. ‘पोरगा तरणा आहे, लवकर भरून निघेल’ हे वाक्य मी या महिन्यात अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. जखम लवकर भरते हे खरे, पण तरणा खेळाडू अधिक जोरात धावतो, अधिक जोरात वळतो, आणि म्हणूनच अधिक धोक्यात असतो.

आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी इटलीच्या फ्रँको बरेसी या बचावपटूचे उदाहरण देतात. १९९४ च्या विश्वचषकात २३ जून रोजी नॉर्वेविरुद्ध बरेसीचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि १७ जुलैला ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो पूर्ण १२० मिनिटे खेळला. त्या दिवशी ब्राझीलला त्या वेळेत एकही गोल करता आला नाही, आणि बचावपटूने कसे खेळावे याचा तो धडा होता असे मीही मानतो. पण बरेसीची दुखापत मेनिस्कसची होती. गुडघ्यातील त्या गादीचा फाटलेला भाग दुर्बिणीने काढला की त्यानंतर काही नवे रुजायचे नसते. एसीएलची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे, आणि एका गुडघ्याचे उदाहरण दुसऱ्याला लावताना आधी आत काय तुटले होते हे विचारले पाहिजे.

उदाहरणच हवे असेल तर नेदरलँड्सच्या व्हर्जिल व्हॅन डाइक या स्टॉपरचे घ्यावे. १७ ऑक्टोबर २०२० रोजी इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबकडून एव्हर्टनविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला. पुढच्या मे महिन्यात, म्हणजे साधारण सात महिन्यांनी, नेदरलँड्सचा कर्णधार म्हणून युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत खेळायचे की नाही हा प्रश्न त्याच्यासमोर होता. त्याने नाही म्हटले. तो मैदानावर परतला तो जुलैच्या अखेरीस, एका मैत्रीपूर्ण सामन्यात, आणि पुढच्या २०२१-२२ च्या हंगामात त्याने लिव्हरपूलसाठी लीगचे ३४ सामने खेळले. त्या हंगामात क्लबने दोन चषक जिंकले आणि चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली. आपल्या देशातही संदेश झिंगन याच वाटेने गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतीय संघाच्या सराव सामन्यात त्याचे एसीएल तुटले, २०१९-२० चा संपूर्ण आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगाम त्याने बाहेर बसून काढला, आणि २०२०-२१ साठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवडले. हे दोघेही स्टॉपर आहेत, आणि दोघांनाही घाई करायला आपल्या प्ले-ऑफहून कितीतरी मोठी कारणे होती.

आता होकाराबद्दल लिहितो, कारण मला सर्वांत जास्त चिंता त्याचीच आहे. गेल्या आठवड्यात सरावानंतर, सगळा संघ वर्तुळ करून उभा असताना, त्याला विचारले गेले, “खेळशील ना?” आणि तो म्हणाला, “खेळतो सर.” प्रशिक्षकांचा हेतू वाईट नव्हता याची मला खात्री आहे, त्यांना खेळाडूचा उत्साह वाढवायचा होता. पण ज्या मुलाने सात महिने घरी बसून सोबत्यांचे सामने मोबाइलवर पाहिले, ज्याला आपण विसरले जाऊ अशी भीती रोज वाटते, तो वीस सोबत्यांसमोर दुसरे कोणते उत्तर देणार? त्याच संध्याकाळी सगळे गेल्यावर तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेला मी पाहिला. विचारले तर म्हणाला, “काही नाही भाऊ, थोडी सूज येते मग उतरते.” सरावानंतर गुडघ्यात सूज येणे याचा अर्थ इतकाच की आज टाकलेला भार त्या सांध्याला अजून पेलत नाही. ही गोष्ट त्याने मला सांगितली आणि प्रशिक्षकांना सांगितली नाही. ती मी त्याच्या परवानगीने येथे लिहीत आहे, आणि संघातील जागेसाठी निवड करणाऱ्यानेच तंदुरुस्तीही का ठरवू नये याचे याहून चांगले कारण माझ्याकडे नाही.

त्याच्यासाठी हा गुडघा फक्त फुटबॉलचा नाही. रेल्वे, पोलीस आणि इतर विभागांत खेळाडू म्हणून भरती होण्याची त्याची धडपड आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, नागपुरातील कितीतरी फुटबॉलपटूंची घरे खेळाच्या जोरावर मिळालेल्या नोकरीने उभी राहिली आहेत, आणि त्याच्या आईला त्या नोकरीची किती आशा आहे हे मी जाणतो. दुसऱ्यांदा लिगामेंट तुटले तर पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा वर्षभराची वाट, आणि तोवर वयाची व भरतीची संधी निघून गेलेली असेल. चषक मिळाला तर तो क्लबच्या कपाटात राहील. गुडघा गेला तर तो त्याच्या घरी जाईल. हा हिशेब कार्यकारिणीने त्याच्या वतीने मांडायला हवा, कारण तो स्वतः आज तो मांडण्याच्या मनःस्थितीत नाही.

‘शेवटची वीस मिनिटे उतरवू’ असा मधला मार्ग सुचवला जात आहे. तो मला मुळीच सुरक्षित वाटत नाही. बाकावरून उठून थेट बाद फेरीच्या सामन्याच्या सर्वांत चुरशीच्या भागात शिरायचे, समोरचा संघ एका गोलने मागे असेल तर लांब चेंडू आणि कॉर्नर यांचा मारा सोसायचा, आणि बरोबरी झालीच तर अतिरिक्त वेळेतही उभे राहायचे. वीस मिनिटांची पन्नास मिनिटे कधी होतात ते कळतही नाही.

यात आपल्या मैदानाचाही विचार करावा. एप्रिलमध्ये नागपूरचे कमाल तापमान चाळिशीला टेकते, काळी माती पाणी सोडून टणक होते, तिला भेगा पडतात आणि बुटाचे स्टड त्यात अडकतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या तिकडच्या वेगळ्या खेळावरील एका अभ्यासात, कमी पाऊस आणि जास्त बाष्पीभवन यांचा संबंध धक्क्याविना होणाऱ्या एसीएल दुखापतींच्या वाढीशी आढळला होता. सामन्याच्या दोन दिवस आधीपासून रात्री मैदानाला भरपूर पाणी दिले तर सगळ्याच खेळाडूंचे भले होईल, आणि त्यासाठी टँकरचा खर्च करावा लागला तरी तो करावा.

चाचणी म्हणजे नेमके काय, हेही सांगतो, म्हणजे ती फार अवघड किंवा खर्चिक आहे असा समज राहणार नाही. शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या मांडीची पुढची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असली पाहिजे. एका पायावरची लांब उडी, सलग तीन उड्या, आडव्या-तिरप्या उड्या आणि सहा मीटर अंतर लंगडी घालत पार करण्याचा वेळ, यांतही दोन्ही पायांत दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. त्यानंतर दिशा बदलत धावण्याची वेळ मोजावी, संघासोबतचा पूर्ण सराव, टॅकल आणि हेडरसह, काही आठवडे झालेला असावा, आणि त्या सरावानंतर गुडघ्यात सूज येत नसावी. कतारमधील अ‍ॅस्पेटार रुग्णालयात व्यावसायिक खेळाडूंवर अशाच सहा निकषांचा अभ्यास झाला, आणि ते पूर्ण न करता परतलेल्यांमध्ये बसवलेले लिगामेंट पुन्हा तुटण्याचा धोका चौपट आढळला. ताकद मोजण्याचे मोठे यंत्र आपल्या क्लबकडे नाही, परंतु रामदासपेठ-धंतोली भागात अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपी केंद्रे भरपूर आहेत, आणि उड्यांच्या चाचण्यांना तर मोजपट्टी, स्टॉपवॉच व एक जाणकार माणूस एवढेच लागते. हे सगळे एका सकाळी होऊ शकते.

मला प्रामाणिकपणे असे वाटते की आज चाचणी घेतली तर तो ती पार करणार नाही. सरावात वळताना तो अजूनही नकळत डाव्या पायावर वजन घेतो. जो कोणी बचावात खेळला आहे त्याला ते दिसेल. मी चुकीचा ठरलो तर मला आनंदच होईल, आणि तो चाचणी पार करून उतरला तर सर्वांत मोठ्याने टाळ्या मीच वाजवीन. पण तो उतरणार नाही असे धरूनच संघाची तयारी आजपासून व्हावी. त्याच्या जागी खेळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा ‘तोपर्यंतचा’ म्हणून खेळतो आहे, आणि तो तसा खेळतो कारण आपण सगळे त्याच्याशी तसे वागतो. लिव्हरपूलने २०२०-२१ चा हंगाम संपवला तेव्हा बचावाच्या मध्यभागी नॅट फिलिप्स आणि ऱ्हिस विल्यम्स ही फारसा अनुभव नसलेली जोडी होती, आणि तरीही तो संघ तिसऱ्या क्रमांकावर आला. कारण उरलेला संघ त्यांच्या सोयीने उभा राहिला. आपणही बचावाची रेषा थोडी मागे घ्यावी म्हणजे मागच्या मोकळ्या जागेतल्या शर्यती कमी होतील, डिफेन्सिव्ह हाफला (मधल्या फळीतील बचाव करणाऱ्या खेळाडूला) दोन स्टॉपरच्या समोरून हलू देऊ नये, आणि कॉर्नरवर माणूस धरण्याऐवजी जागा वाटून द्याव्यात. आपला जखमी स्टॉपर हे सगळे त्या मुलाला आपल्या कोणाहीपेक्षा चांगले शिकवू शकेल. त्याला या दोन आठवड्यांत तेच काम द्यावे, संघासोबत प्रवासात न्यावे, बाकावर प्रशिक्षकांशेजारी बसवावे. त्याला विसरलो नाही हे सांगण्याचा हा मार्ग त्याच्या गुडघ्याला न दुखावणारा आहे.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे की येत्या रविवारच्या बैठकीत दोन ठराव करावेत. पहिला, उपांत्य सामन्याच्या किमान पाच दिवस आधी बाहेरच्या अस्थिरोगतज्ज्ञ व फिजिओकडून त्याची चाचणी करून घ्यावी, तिचा लेखी निष्कर्ष सचिवांकडे यावा, आणि तो प्रतिकूल असेल तर अंतिम सामन्याआधीही तो निर्णय फिरवू नये. दुसरा, तो खेळो अथवा न खेळो, पुढच्या हंगामापर्यंतचा त्याच्या फिजिओचा खर्च क्लबने उचलावा आणि संघातील त्याची नोंदणी कायम ठेवावी. हे त्याला आधी सांगावे आणि चाचणी नंतर घ्यावी, म्हणजे तो मोकळेपणाने खरे उत्तर देईल. खर्चाची अडचण असेल तर आम्ही काही जुने खेळाडू वर्गणी काढायला तयार आहोत, आणि तसे मी अध्यक्षांना आधीच कळवले आहे. चाचणीच्या दिवशी त्याला घेऊन जायची आणि परत आणायची जबाबदारीही माझी.

आपला स्नेहांकित,
क्लबचा एक जुना बचावपटू व आजीव सभासद
नागपूर